स्वस्त किटच घ्या, पण बाबांना आधी सांगा

प्रश्न : माझे बाबा ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमान कारखान्यातून, निवृत्त झाले. नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं मिगच्या लाइनवर गेली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला हवाई दलानं मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला, तो कार्यक्रम त्यांनी टीव्हीसमोरून न हलता पाहिला आणि पुढे दोन दिवस फारसे बोलले नाहीत. चार महिन्यांनी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी मी स्वतः बनवलेलं मिग-२१ त्यांच्या हातात द्यावं, असं मनात आहे. म्हणून प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमान करायचं, १/७२ मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) एक स्वस्तातलं किट मागवलं आणि गुपचूप जोडून पाहिलं. इन्स्टंट ग्लूनं काच पांढरी पडली, पोटाखाली फट दिसते, हार्डवेअरच्या दुकानातला ऑइलपेंट लावला तर अंगावरच्या कोरलेल्या रेषाच बुजल्या, आणि विमान पुढच्या चाकावर न टेकता शेपटीवर बसतं. मिस्टर म्हणतात तयार धातूचं मॉडेल मागव. मुलगा म्हणतो महागडं किट घे. माझ्याकडे सगळं मिळून अडीच हजार रुपये आहेत. काय करू?
– एक वाचक, नाशिक

ताई,

तुमच्या चारही तक्रारींचा किटच्या किमतीशी काही संबंध नाही. काच पांढरी पडली गोंदामुळे, फट राहिली घाईमुळे, रेषा बुजल्या रंगामुळे आणि विमान शेपटीवर बसलं, कारण नाकात वजन नव्हतं. पाच हजारांचं किट आणलं असतं तरी हेच झालं असतं, वर पैसे गेल्याची हळहळ. मुलाला सांगा, महागडं किट पुढच्या वर्षी. त्यात भाग दुपटीनं असतात, कॉकपिटसाठी पातळ पत्र्याचे इवलेसे तुकडे येतात, ते वाकवून जागी बसवायला हात तयार असावा लागतो. दुसऱ्याच मॉडेलला त्या वाटेला जाऊ नका. तयार मॉडेलही नको. ते दिसायला छान असतं, पण बाबा ज्या विमानावर राबले नेमकं तेच मिळेल याची खात्री नाही, आणि ते तुम्ही बनवलेलं नसेल. तुम्हाला तर बनवायचंच आहे.

पण नवं किट मागवण्याआधी एक काम करा. बाबांना सांगून टाका.

गुपित ठेवण्यात गंमत असते हे मान्य. पण तुमच्या पत्रात एक माहिती नाही, आणि ती फक्त त्यांच्याकडे आहे. कोणतं मिग? मिग-२१ या एका नावाखाली बरीच वेगवेगळी विमानं येतात. १९६३ मध्ये चंडीगडला २८ नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये पहिली आली ती एफ-१३, म्हणजे हवाई दलाच्या बोलीत टाइप ७४, आणि तीही मोजकीच. ओझरला बनली ती नंतरची : आधी एफएल म्हणजे टाइप ७७, मग एम म्हणजे टाइप ९६, आणि शेवटी बिस म्हणजे टाइप ७५. सांगाडा ओझरचा, इंजिन ओडिशातल्या कोरापुटचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचं. शिवाय तुम्ही नुसतं ‘मिगची लाइन’ असं लिहिलंय. ओझरला पुढे मिग-२७ सुद्धा बनलं, ते तर पूर्ण निराळं विमान, मागेपुढे फिरणाऱ्या पंखांचं. बाबांची निम्मी नोकरी त्यावर गेली असेल तर?

हे फरक फक्त कागदावरचे नाहीत, डोळ्यांना दिसतात. कॉकपिटच्या मागून शेपटीपर्यंत जाणारी पाठ बघा. टाइप ७७ ची पाठ सडपातळ, पंखांखाली शस्त्रं अडकवायच्या जागा दोनच. टाइप ९६ ची पाठ भरलेली, आणि पंखांखाली चार जागा. बिसची पाठ त्याहून फुगीर, कारण तिथे इंधनाची मोठी टाकी आहे. ज्या माणसानं वर्षानुवर्षं त्या पाठीवरचे रिव्हेट पाहिले, त्याच्या हातात चुकीच्या पाठीचं विमान दिलंत तर तो तुम्हाला काही बोलणार नाही, कौतुकच करेल. पण त्याला ते दिसेल.

उत्तर मिळालं की किट ठरवणं सोपं आहे. बिस निघालं तर झ्वेझ्दा या रशियन कंपनीचं १/७२ चं मिग-२१ बिस पाहा. सुट्या भागांची संख्या आटोक्यात आणि खर्चही आटोक्यात, म्हणून नवशिक्याला मी तेच सुचवेन. टाइप ९६ निघालं तर एमएफचं किट घ्या. एम आणि एमएफ यांच्यातला मुख्य फरक इंजिनात आहे, बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखीच. टाइप ७७ असेल तर पीएफ किंवा पीएफएम नावाच्या किटपैकी एखादं जवळचं ठरेल, पण ते घेण्याआधी बाबांना पेटीवरचं चित्र दाखवा. रेव्हेलचं एफ-१३ स्वस्तात दिसलं म्हणून उचलू नका. किट चांगलं आहे, पण ओझरचं विमान ते नाही.

माप १/७२ च ठेवा. या मापात एक इंच म्हणजे सहा फूट, आणि मिग-२१ चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण १० सेंटिमीटर येतात, लांबी २० च्या आसपास. बाबांच्या तळहातावर मावेल. १/४८ चं मोठं मॉडेल पाहायला ऐसपैस वाटतं, पण त्याला रंग जास्त, पुट्टी जास्त, खर्च जास्त. उलट बाजूही सांगते : १/७२ मध्ये एक मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरची भेग. म्हणून फटींवर मेहनत घ्यायची.

आता गोंद, कारण पहिली गडबड तिथेच झालीय. इन्स्टंट ग्लू प्लास्टिकच्या वर एक थर होऊन बसतो. मॉडेलसाठी लागतं ते पातळ सिमेंट, म्हणजे किटचं प्लास्टिक (पॉलिस्टायरीन) विरघळवून जोडणारा गोंद. तामियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन मिळालं तर उत्तम, झाकणालाच बारीक ब्रश असतो. तुमच्या अडीच हजारांतली पहिली रक्कम या बाटलीसाठी बाजूला काढा, किट नंतर. एक बाटली चार-पाच मॉडेलांना सहज पुरते.

वापरायची पद्धत अशी. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग कोरडेच एकमेकांवर ठेवा आणि बोटांनी दाबून धरा. गोंद आधी लावून मग जोडायचं नाही. ब्रशचं टोक सांध्याच्या रेघेला नुसतं टेकवा. द्रव आपोआप फटीतून पुढे धावतो, दोन सेंटिमीटर तरी जातो, डोळ्यांसमोर रेघ ओली होत जाते. मग पुढे सरका, पुन्हा टेकवा. अर्ध्या मिनिटानं दोन्ही भाग हलक्या हातानं एकमेकांत दाबा. सांध्यावर वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येते. ती पुसू नका. तीच तुमची पुट्टी. कपड्यांचे चिमटे किंवा रबरबँड लावून दोन दिवस ठेवून द्या. एक रात्र नाही, दोन दिवस, कारण आतलं प्लास्टिक मऊ असताना घासलंत तर नंतर आकसून खड्डा पडतो. मग आइस्क्रीमच्या काडीवर पॉलिश पेपर चिकटवून घासा : आधी ४००, मग ६००, मग १०००, शेवटी पाण्यात बुडवून. कड निघून जाते आणि सांधा कुठे होता ते बोटाला कळत नाही. डोळ्यापेक्षा बोटावर भरवसा ठेवा. डोळे मिटून नखाचं टोक सांध्यावरून आडवं फिरवा. अडकलं तर अजून काम बाकी आहे.

तरी फट उरलीच तर भागांच्या चौकटीचे, म्हणजे स्प्रूचे, बारीक कात्रण सिमेंटच्या थोड्या द्रवात एका काचेच्या बाटलीत घालून ठेवा. दुसऱ्या दिवशी घट्ट लगदा तयार होतो. तो फटीत भरला की तेच प्लास्टिक असल्यामुळे घासताना कठीण-मऊ असा फरक पडत नाही. गॅरेजवाले गाड्यांना लावतात ती पुट्टीही (लांबी) चालते, पण अगदी पातळ थर द्या. तिच्यातल्या थिनरनं पातळ भाग वाकडे होतात. एक सूचना मात्र मनापासून : हे सगळे द्रव वास मारतात आणि पेट घेतात. खिडकी उघडी ठेवा, देवघरात निरांजन तेवत असेल तर त्या खोलीत बसू नका, आणि बाबांना दम्याचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर सिमेंटचं काम ते दुसऱ्या खोलीत असताना उरका.

काच पांढरी का पडली? इन्स्टंट ग्लू सुकताना त्याची वाफ निघते आणि ती पारदर्शक प्लास्टिकवर बसते. म्हणून काचेला कधीही तो लावायचा नाही, सिमेंटही नाही. काचेला फेव्हिकॉल. टूथपिकच्या टोकानं कडेला बारीक रेघ, जागी बसवा, जास्तीचा ओल्या इअरबडनं पुसा. सुकल्यावर तो पारदर्शक होतो आणि छोटी फट असेल तर तीही भरून काढतो. काच बसवण्याआधी मात्र आत बघा. मिगच्या कॉकपिटचा आतला रंग निळसर-हिरवा असतो, रशियन विमानांची ती खूणच आहे. किटच्या कागदावर काहीही छापलेलं असो, त्या रंगाची छटा बाबांना ठरवू द्या. कॅमलच्या निळ्या, हिरव्या आणि पांढऱ्यातून ती तयार होते. थाळीत तीन-चार मिश्रणं करा आणि विचारा, यातलं कुठलं?

शेपटीवर बसण्याचं कारण साधं आहे. मागची दोन चाकं जिथे टेकतात तिथून मागचा भाग पुढच्यापेक्षा जड होतो. मिगच्या नाकात हवा ओढायच्या तोंडाशी जो टोकदार शंकू असतो तो किटमध्ये पोकळ असेल तर वजन लपवायला त्यासारखी जागा नाही. सायकलच्या दुकानातून छर्रे आणा. धड, पंख, शेपटी मास्किंग टेपनं तात्पुरतं जोडा, मागच्या चाकांच्या जागेखाली आडवी पेन्सिल धरा, आणि नाक ठामपणे खाली जाईपर्यंत एकेक छर्रा भरत जा. मग दोन जास्तीचे टाका, कारण रंग आणि बारीक भाग मागच्या बाजूला वजन वाढवतात. इथे मात्र इन्स्टंट ग्लू वापरायला हरकत नाही, काच जवळ नसते. मासेमारीचं शिसं वापरलंत तर ते फेव्हिकॉलनं चिकटवू नका : शिशावर त्याची प्रक्रिया होते, पांढरी भुकटी धरते, फुगते आणि काही वर्षांनी मॉडेल आतून फाटतं. शिसं हाताळलं की हात धुवा.

पंख बसवताना एक बारकाई आहे, ती नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. मिग-२१ चे पंख समोरून पाहिलं तर सरळ आडवे नाहीत, टोकाकडे २ अंश खाली झुकलेले आहेत. आपला हात त्यांना सरळ करायला बघतो. टेबलावर विमान ठेवून दोन्ही टोकांची उंची पट्टीनं मोजा, सारखी हवी, आणि मुळापेक्षा किंचित खाली हवी. हे बघायला बाबांना बसवा. त्यांचा हात थरथरत असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, तरी समोरून एक डोळा मिटून रेषा तपासण्याची नजर कारखान्यातल्या माणसाची जात नाही. सांधे घासण्याचं कामही त्यांना द्या. त्याला फार स्थिर हात लागत नाही, वेळ लागतो. आइस्क्रीमच्या काडीच्या जागी जाड लाकडी पट्टी दिलीत तर पकड चांगली येते. लहान भाग कापायचे, चिमट्यानं धरायचे, ते तुम्ही करा, आणि परातीत करा. कापताना उडालेला भाग फरशीवर शोधण्यात संध्याकाळ जाते.

सिमेंटला हात लावण्याआधी सगळे भाग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि वाळवा. साच्यातून निघताना लागलेला तेलकटपणा जातो, नाहीतर रंग धरत नाही. भाग स्प्रूपासून ओढून तोडू नका. नेलकटरनं थोडं लांबून कापा, उरलेला खुंट घासून काढा.

रंगाचं थोडक्यात सांगते. ऑइलपेंट दाराला ठीक, इथे नको. आधी स्प्रेचा करडा प्रायमर, अगदी हलका, आणि तोसुद्धा स्प्रूच्या तुकड्यावर मारून बघा, कारण काही स्प्रेंतलं थिनर प्लास्टिक खातं. त्यावर ॲक्रिलिक, पाणी घालून दुधाइतकं पातळ केलेलं, चपट्या मऊ ब्रशनं. पहिला थर फार विरळ दिसेल, घाबरू नका. दुसरा वाळला की तिसरा. तीन पातळ थरांत रेषा जिवंत राहतात, एका जाड थरात मरतात. टाइप ७७ निघालं आणि बाबांना ते सुरुवातीच्या दिवसांसारखं उघड्या धातूचं हवं असेल, तर घासण्याच्या कामात दुप्पट वेळ द्या. चंदेरी रंगाखाली प्रत्येक ओरखडा दिसतो. करडा किंवा हिरवा-तपकिरी रंग बराच क्षमाशील असतो.

निशाणांसाठी किटमध्ये भारतीय डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) आले तर छानच. नाही आले तर पांढऱ्या डिकल पेपरवर छापून घ्या. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापू शकत नाही म्हणून कागद पांढरा हवा. आपलं गोल निशाण आत केशरी, मध्ये पांढरं, बाहेर हिरवं, तेव्हा हिरव्या कडेवरून कातरलं की झालं. इंकजेटवर छापलं असेल तर पाण्यात टाकण्याआधी त्यावर पारदर्शक वार्निशचे दोन हलके हात द्या, नाहीतर शाई पाण्यात उतरते. आणि डिकल लावायची जागा चकचकीत हवी. खरबरीत रंगावर लावलं तर खाली हवा अडकते आणि भोवती चंदेरी डाग दिसतो. सगळं वाळल्यावर वरून मॅट वार्निश मारा. शेपटीवरचा तिरंगी पट्टा कुठल्या क्रमानं लावायचा ते खऱ्या विमानाच्या फोटोत दोन्ही बाजूंनी बघून घ्या.

चार महिने पुरेसे आहेत, पण कामाची विभागणी अशी ठेवा : पहिला महिना फक्त जोडणी आणि घासणं, दुसरा रंग, तिसरा डिकल आणि वार्निश, आणि चौथा रिकामा. रिकामा महिना लागतोच. काहीतरी पडतं, काहीतरी पुन्हा रंगवावं लागतं. बिघडलेलं पहिलं मॉडेल टाकू नका. सिमेंट कसं धावतं ते त्याच्या शेपटीवर बघा, प्रायमर त्याच्या पंखावर मारा, निळसर-हिरव्याच्या छटा त्याच्या पोटावर लावा. त्याची चाकं आणि इंधनाच्या टाक्या सुटून आल्या तर डबीत ठेवा.

नाकापुढची ती लांब सळई, पिटो ट्यूब, अगदी शेवटी बसवा. किटमधली प्लास्टिकची सळई कामात दहादा मोडते. तिच्याऐवजी औषधाच्या दुकानातली इंजेक्शनची बारीक सुई, टोक पक्कडीनं तोडून आणि घासून बोथट केलेली, जास्त सरळ दिसते आणि टिकते. घरात लहान मुलं येणार असतील, आणि सहस्रचंद्रदर्शनाला येणारच, तर टोक खरोखर बोथट झालंय ना हे स्वतःच्या बोटावर तपासा.

कार्यक्रमात ते त्यांच्या हातात कसं द्यायचं, असं तुम्ही विचाराल. ते त्यांनी स्वतः घासलेलं असेल, रंग त्यांनी निवडलेला असेल, तेव्हा ‘देण्याचा’ प्रश्नच राहत नाही. टेबलावर ठेवा आणि शेजारी त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी जे येऊ शकतील त्यांना बसवा. आमंत्रणाची यादी करताना ओझरची नावं बाबांकडून आजच लिहून घ्या, आणि टाइपचा प्रश्नही त्याच वेळी विचारा. कोणता निघाला ते मला कळवा. ७७ असेल तर किट मागवण्याआधीच लिहा, पेटीच्या बाजूचे आणि भागांचे फोटोही जोडा.